२००६ ची स्प्लेंडर, इंजिन बांधून घेऊ का दुसरं टाकू?

द्राक्षबाग_तासगाव:

मंडळी जरा सल्ला पाहिजे. वडिलांची स्प्लेंडर प्लस आहे, २००६ ची, टाकीवर हिरो होंडा लिहिलेली, किकवाली. मीटरची केबल तुटून चार वर्षं झाली, आकडा १ लाख ४ हजारावर जाऊन बसलाय, त्यामुळं खरं किती फिरलीय ते तिचं तिलाच माहीत, पण दीड लाखाच्या आत नसणार. आप्पा, म्हणजे वडील, शाळेत नोकरीला होते तेव्हा रोज जाऊन येऊन ४० किमी, रिटायर झाल्यापासून घर ते बाग, आणि आता मी पण तीच वापरतो.

दुखणं असं आहे की सकाळी किक मारली की मागं निळा धूर, शेजारच्या काकू खिडकी लावून घेतात. गरम झाल्यावर कमी होतो पण रेस केली की परत येतो. खाली फरशीवर डाग नाही म्हणजे ऑइल गळत नाही, तरी महिन्यातनं अर्धा लिटर टाकावं लागतंय. ॲव्हरेज फेऱ्या मोजून काढलं तर ४५ च्या आत, पूर्वी ६५ च्या खाली कधी आलं नव्हतं. दोघं बसून चढाला लागलो की गिअर उतरवायला लागतो. हे सगळं एक वेळ चालवून घेतलं असतं पण गेल्या महिन्यापासून जरा पळवली की खालनं टकटक टकटक येतंय, ते ऐकून पोटात गोळा येतो.

तीन जणांनी तीन भाव सांगितलेत. आमचा नेहमीचा मिस्त्री म्हणतो फुल इंजिन, म्हणजे खालच्या क्रँक-रॉडपासून सगळं करायला लागणार, ११ हजार, चार दिवस गाडी ठेव. स्टँडजवळचा म्हणतो हाफ इंजिनमध्ये, म्हणजे वरचं पिस्टन-ब्लॉकचं तेवढं करून काम होतंय, ५ हजार, संध्याकाळी घेऊन जा. आणि माझा मावसभाऊ म्हणतो हे बांधाबांधीचं सोड, भंगारातनं २०१४ च्या गाडीचं आख्खं इंजिन १० हजारात मिळतंय, कमी चाललेलं आहे, एका दिवसात बसवून देतो.

नवीन स्प्लेंडर बघून आलो, जीएसटी २८ चा १८ झाल्यापासून जरा खाली आलीय तरी सगळं मिळून ९० च्या आसपास सांगतात. आईचं म्हणणं विका. आप्पा म्हणतात गाडी विकली तर मी एसटीनं जाईन, आणि आमच्या बागेकडं एसटी जात नाही. शिवाय २०२६ मध्ये परत पासिंग आहे.

काय करू?

लेथवाला_उद्यमनगर:

कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवर ३१ वर्षं झाली, त्यातली निम्मी बोअर मारण्यात, म्हणजे ब्लॉकमधलं पिस्टनचं भोक कापून मोठं करण्यात गेली म्हणून बोलतो. तिघांनीही तुला इंजिन न उघडता सांगितलंय बघ. अकरा हजारवाला चुकीचाच असेल असं नाही, कदाचित तोच बरोबर निघेल, पण अजून तरी तो अंदाजच आहे.

धुराचं आधी. रात्रभर उभी राहिल्यावर पहिल्या किकला भसकन धूर आणि मग बंद, किंवा उतारावर थ्रॉटल सोडून परत पिळला की धूर, हे व्हॉल्व्हच्या सीलचं आणि गाइडचं लक्षण. ओझ्याला, रेस देताना सतत धूर म्हणजे रिंगा आणि बोअर. तू सांगतोयस त्यावरनं दोन्ही थोडं थोडं दिसतंय.

आता एक काम कर, जिथं कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर असेल तिथं जा, गावात प्रत्येकाकडं नसतं. इंजिन गरम करून प्लग काढायचा, गेज लावायचं, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून काटा वाढायचा थांबेपर्यंत किका मारायच्या आणि आकडा लिहून ठेवायचा. मग प्लगच्या भोकातनं एक चमचा इंजिन ऑइल आत सोडून परत मोजायचं. आकडा चांगला वाढला तर रिंगा आणि बोअर गेलाय, तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह बसत नाहीत. यात एक गोम आहे जी कुणी सांगत नाही. स्प्लेंडरचा ब्लॉक जवळजवळ आडवा झोपलेला असतो त्यामुळं तेल खालच्या अंगालाच साठतं आणि रीडिंग फसवतं. म्हणून तेल टाकल्यावर भोकावर फडकं धरून आधी चारपाच किका मारायच्या, तेल सगळीकडं पसरू द्यायचं, मग गेज लावायचं. फडकं विसरलास तर शर्ट गेला.

टकटकीचं जरा वेगळं आहे. टायमिंग चेन ढिली झाली तर डाव्या बाजूला खुळखुळ्यासारखा आवाज येतो. पिस्टनचा आवाज गार असताना जास्त आणि गरम झाल्यावर कमी. कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा, त्याचा उलटा, ऑइल तापून पातळ झालं की आणि ओझं पडलं की वाढतो. तुझा कधी वाढतो ते सांगितलं नाहीस.

आणि या गाडीची चांगली गोष्ट ही आहे की इंजिन चेसीसमधनं न उतरवता हेड आणि ब्लॉक निघतो. दोन तासाचं काम. तेवढं उघडायला लाव, मिस्त्रीला आधीच सांग की उघडून बघायचे पैसे देतो, पुढचं नंतर ठरवू. ब्लॉक निघाला की पिस्टन वरच्या टोकाला आणून रॉड हातात धरायचा आणि पुढंमागं ओढायचा. उभ्या इंजिनात वरखाली ओढतात, इथं इंजिन आडवं म्हणून पुढंमागं. हाताला जरा जरी कट् असं लागलं तर रॉड गेला, मग फुल इंजिन, चर्चा बंद. डावीउजवीकडं थोडा सरकतो तो सरकायलाच पाहिजे, तेवढी जागा मुद्दाम ठेवलेली असते. काही जण तेच हलवून दाखवतात आणि गिऱ्हाईक घाबरलं की फुल इंजिनचं बिल करतात.

दुसरं इंजिन टाकायचा विचार मी सगळ्यात शेवटी करीन. तुझं आत काय झालंय ते दोन तासात कळतंय. त्या दुसऱ्याच्या आत काय आहे ते कळायला पण उघडावंच लागणार, मग पैसे दोनदा कशाला घालायचे.

व्हराडी_गडी:

लेथवाले काका, थोडं थांबा, दुसरं इंजिन म्हणजे वाईटच असं नाही. माह्यापाशी पॅशन आहे, त्यात पण हेच ९७.२ सीसीचं इंजिन. चार वर्षाआधी पावसाळ्यात रस्ता वाहून गेलता, दगड लागून क्रँककेसच फुटली खालून, सगळं ऑइल रोडवर. वेल्डिंग करून पाहिलं, दोन महिन्यात पुन्हा पाझरली. आता केस फुटल्यावर बांधता काय कपाळ? आमच्या सोयऱ्याची स्प्लेंडर ट्रॅक्टरखाली आली होती, चेसीस वाकून गेली पण इंजिनले खरोच नाही, ३० हजार पण चालली नव्हती, आर सी पण त्याच्याच नावावर. ते इंजिन घेतलं, बसवलं, अजून पान्हा लावला नाही.

पण माहीत असलेल्या गाडीचं इंजिन आणि ढिगातलं इंजिन यात फरक आहे राजेहो. ढिगातलं प्रत्येकच इंजिन "कमी चाललेलं" असते. मीटर तर गाडीसोबत गेलं, इंजिनले कुठं मीटर राहते.

अजून एक, तुमची किकवाली आहे न? २०१४ चं जर सेल्फवालं निघालं तर स्टार्टर मोटर, तिचं वायरिंग, बॅटरी हे सगळं नवीन करा नाहीतर तसंच लोंबतं ठेवा. आणि कोणी २०२० नंतरचं दाखवलं तर बिलकुल घेऊ नका, बीएस ६ म्हणजे प्रदूषणाचे नवीन नियम आले तेव्हापासून कार्बोरेटर गेला अन् फ्युएल इंजेक्शन आलं, त्याले ईसीयू, सेन्सर, टाकीतला पंप सगळं लागते. तुमच्या गाडीत ते इंजिन म्हणजे बैलगाडीले पॉवर स्टिअरिंग.

कागदवाला_चिंचवड:

इंजिनाचं तुम्ही लोक बघा, मी फक्त कागदाचं बोलतो कारण मी त्यात भाजलोय.

आर सी वर चेसीस नंबर असतो तसा इंजिन नंबर पण असतो आणि तो नंबर क्रँककेसवर कोरलेला असतो. म्हणजे तुम्ही आतला पिस्टन, क्रँक, गिअर, सगळं बदललं तरी केस तीच राहिली तर नंबर तोच, आरटीओला काही सांगायची गरज नाही. आख्खं इंजिन बदललं की नंबर बदलला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये हे येतं, आधी परवानगी घेतली नसेल तर इंजिन बदलल्यापासून १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवून आर सी वर नोंद करून घ्यायची असते. त्यासाठी त्या इंजिनाचं बिल आणि ते ज्या गाडीतून निघालं तिचे कागद मागतात. भंगारवाला काय देतो? वहीचं पान, त्यावर "स्प्लेंडर इंजिन १ नग" आणि पेनाने मारलेली रक्कम.

मी कॉलेजात असताना असंच इंजिन टाकलं होतं एका जुन्या गाडीत, कोणाकडून ते जाऊ दे. पाच वर्षं मस्त चालली, कोणी विचारलं नाही. विकायला काढली तेव्हा गिऱ्हाईकाने टॉर्च लावून नंबर बघितला, आर सी शी जुळेना. गाडी चोरीची आहे का असं माझ्या तोंडावर विचारलं, आणि खरं सांगायचं तर मला तरी कुठे माहीत होतं की ते इंजिन कुणाचं होतं. शेवटी निम्म्या किमतीत पार्टसाठी दिली. अपघात झाला असता तर इन्शुरन्सवाल्याने काय केलं असतं हा विचार तर नंतर आला आणि घाम फुटला.

आणि तुझं २०२६ मध्ये पासिंग आहे म्हणतोस. तिथे इन्स्पेक्टर चेसीस नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही बघतो रे बाबा, पासिंग आहे ते. पर्यावरण कर भरावा लागेल तो वेगळा, माझ्या दुचाकीला पाच वर्षांचे २ हजार घेतले होते, फी आता वाढल्यात तेव्हा वाहन पोर्टलवर बघून जा. पीयूसी या धुरात निघणार नाही हे वेगळं सांगायला नको.

मावसभावाला विचार, इंजिनाबरोबर आर सी ची प्रत देतोस का. नाही म्हणाला तर विषय संपला.

फुलचार्ज_नाशिक:

भाऊ २०२६ आलं, बॅटरीवाली घे, ना पिस्टन ना रिंग ना धूर.

द्राक्षबाग_तासगाव:

@फुलचार्ज घेऊया की, तुम्ही ९० हजार पाठवा. मागं औषधाचा पंप आणि पुढं दोन क्रेट बांधून चिखलातनं बांधावर चढवून पण दाखवा.

@लेथवाला काका, आवाज गरम झाल्यावर वाढतोय. गार असताना जवळजवळ नाहीच.

दूधवाला_माळेगाव:

गरम झाल्यावर वाढतोय म्हणजे रॉड. लिहून घ्या. माझ्या दोन स्प्लेंडर आहेत, दोन्ही दुधावर, ४० लिटरचे दोन कॅन दोन बाजूला आणि मध्ये मी ९० किलोचा, सकाळ संध्याकाळ. पाच वेळा इंजिन बांधलंय दोन्ही मिळून.

पहिल्या वेळेला मी पण तुमच्या स्टँडवाल्यासारख्याचं ऐकलं. हाफ इंजिन, नवीन पिस्टन रिंगा, बोअर मारला, गाडी अशी उठली की मी घरी पेढे नेले. चार महिन्यात रॉड बोंबलला. तेव्हा कळलं नाही, नंतर एका म्हाताऱ्या मिस्त्रीने सांगितलं की अरे वरचा मजला नवीन बांधला आणि पाया जुनाच ठेवला. जुन्या रिंगांमधून दाब निसटत होता म्हणून तो झिजलेला रॉड कसाबसा तग धरून होता, नवीन पिस्टनने पूर्ण दाब धरला, पॉवर वाढली, मी पण दोनाचे तीन कॅन केले, सगळा मार त्या रॉडच्या बेअरिंगवर. परत सगळं खोललं, परत मजुरी, परत गॅस्केट, परत चार दिवस दुसऱ्याची गाडी मागून दूध घातलं. ५ हजार वाचवायला गेलो आणि १४ घालवले.

म्हणून रॉडमध्ये थोडी जरी ढिलाई असेल तर फुलच करा. आणि खाली उघडलंच आहे तर क्रँकची बेअरिंग, गिअरची बेअरिंग, ऑइल सील सगळं टाकून घ्या, बेअरिंग काही शेकड्यात येतं पण त्याच्यासाठी परत इंजिन उतरवायची मजुरी काही हजारात. टायमिंग चेन तिच्या पट्ट्यांसकट. क्लच प्लेटा बघा.

एक गोष्ट मिस्त्री विसरतात. या इंजिनाला कारसारखा कागदी ऑइल फिल्टर नाही. उजव्या बाजूचं कव्हर काढलं की क्रँकच्या टोकाला एक गोल डबी आहे, ती क्रँकबरोबर गरगर फिरते आणि ऑइलमधला कचरा बाहेरच्या कडेला फेकून धरून ठेवते. खाली एक जाळी पण आहे. ऑइल बदललं तरी डबीतला कचरा निघत नाही, ती उघडून पुसावी लागते. माझ्या पहिल्या गाडीची ९ वर्षांत कुणी उघडली नव्हती, आतून बोटभर काळं मेण निघालं. रॉडला जाणारं ऑइल त्यातूनच जातं, मग रॉड का जातो ते सांगायला नको.

लेथवाला_उद्यमनगर:

दूधवाले मालक एक नंबर बोललात. फक्त एक जोडतो. रॉड बदलायचा म्हणजे क्रँक प्रेसवर दाबून दोन तुकडे करायचा, पिन, बेअरिंग, रॉड नवीन घालायचा आणि परत दाबायचा. दाबून झालं की काम संपलं असं नाही. क्रँक दोन सेंटरमध्ये धरून डायल लावून फिरवायची, काटा किती नाचतो ते बघायचं आणि तांब्याच्या हातोडीनं ठोकून ठोकून सरळ करायची. आमच्याकडं मिलिमीटरच्या शंभरातल्या दोनतीन भागाच्या वर काटा हलला तर मी परत देत नाही. डायल न लावता "डोळ्यानं सरळ केली" म्हणणारे आहेत, ती क्रँक बसवली की गाडी हँडलपासून फुटरेस्टपर्यंत थरथरते आणि बेअरिंग लवकर खाते. तुझ्या मिस्त्रीला एवढंच विचार की क्रँक कुणाकडं दाबतोस आणि त्याच्याकडं डायल आहे का. यात मिस्त्रीपेक्षा प्रेसवाला महत्त्वाचा.

बोअरचं पण तसंच. आधी पिस्टन विकत आणायचा, तो लेथवाल्याच्या हातात द्यायचा आणि त्या पिस्टनला मोजून बोअर मारायचा. बरेच लोक ब्लॉक पाठवतात आणि फोनवर सांगतात "पाव मारून ठेवा", म्हणजे बोअर पाव मिमी वाढवा, आणि पिस्टन दुसऱ्या दिवशी दुकानातनं येतो. पिस्टन पिस्टनमध्ये फरक असतो. ढिला पडला तर खडखड, घट्ट पडला तर पहिल्याच घाटात इंजिन बसतं.

द्राक्षबाग_तासगाव:

अपडेट देतो. मिरजेत एकाकडं गेज मिळालं. कोरडं ८५ आलं, तेल टाकून १२५. फडकं धरलं होतं, तरी शर्ट गेलाच.

रविवारी मिस्त्रीनं घराच्या मागं पत्र्याखाली हेड ब्लॉक काढला, आप्पा खुर्ची टाकून शेजारी. रॉड पुढंमागं ओढला, काका तुम्ही म्हणालात तसं कट् कट् लागलं. अगदी थोडं, पण बोटाला कळतं. मिस्त्रीनं मला ओढायला लावलं, मग आप्पांना ओढायला लावलं. आप्पा नुसतं हं म्हणाले.

पण खरी गंमत पुढं झाली. पिस्टनच्या डोक्यावर जाड काळा थर होता, मिस्त्रीनं पेट्रोलच्या फडक्यानं पुसला तर खाली आकडा, ०.५०. मी म्हटलं हे काय. तो म्हणाला हे इंजिन आधी एकदा बांधलेलं आहे आणि बोअर अर्धा मिमी वाढवलेला आहे. मी म्हटलं शक्यच नाही, गाडी पहिल्यापासून आमच्याकडंच आहे. सगळे आप्पांकडं बघायला लागलो. आप्पा म्हणाले, हो केलं होतं की तेरा साली, तुझ्या आईला सांगितलं नव्हतं.

आई स्वयंपाकघरातनं ऐकत होती. तो विषय वेगळा.

ब्लॉक मोजून आणला, वरच्या तोंडाशी बारा भाग अंडाकृती झालाय. आता मिस्त्री विचारतो पाऊण मारू का नवीन ब्लॉक किट, म्हणजे पिस्टनसकट नवा ब्लॉक टाकू.

लेथवाला_उद्यमनगर:

हाहा, पिस्टन खोटं बोलत नाही.

बारा भाग म्हणजे पाऊणमध्ये साफ होऊन जाईल, अजून १.०० चा पिस्टन पण मिळतो म्हणजे त्यानंतर पण एक डाव शिल्लक. मूळ बोअर ५० मिमी, तुझा साडेपन्नास आहे, पाऊण केलास तर ५०.७५. चालायला काही अडचण नाही, सीसी वाढली म्हणून कुणी रेसला जात नाही. पण कंपनीचं ब्लॉक किट चांगलं मिळत असेल आणि खिशाला झेपत असेल तर मी ते घालीन, कारण फरक हजार दीड हजाराचा आहे आणि परत स्टँडर्ड साइजवर येतोस. जुना ब्लॉक टाकून देऊ नको, ग्रीस लावून पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेव. पुढच्या वेळेला त्याला पाऊण मार.

किट घेताना पाकिटावरचा होलोग्राम वगैरे बघ, तोच खोका आणि आत भलताच माल असं पण असतं. अधिकृत दुकानातनं बिल घेऊनच घे.

व्हराडी_गडी:

आप्पांले माह्याकडून नमस्कार सांगा. ते खरे फायटर हायेत.

अन् मावसभावाचं इंजिन काय झालं मग?

द्राक्षबाग_तासगाव:

मावसभावाला आर सी ची प्रत मागितली. म्हणाला विचारून सांगतो. अजून विचारतोयच.

शेवटी फुल इंजिनच केलं. हिशेब इथं टाकतो, कुणाला तरी उपयोग होईल. ब्लॉक किट कंपनीचं २७००, रॉड किट ९००, क्रँक दाबायचे ६०० (मिरजेत, डायल लावून, मी स्वतः काटा बघत उभा होतो, दोन भागावर आणून दिली), टायमिंग चेन सगळी ७००, हेडचं काम म्हणजे व्हॉल्व्ह गाइड सील आणि सीट मारून ११००, बेअरिंग आणि ऑइल सील मिळून १४००, गॅस्केट ३००, क्लच प्लेट ५००, ऑइल ४०० आणि मजुरी २८००. एकूण ११४००. म्हणजे मिस्त्रीनं न उघडता सांगितलेला आकडाच बरोबर निघाला, चारशे रुपये इकडंतिकडं. त्याला तसं म्हटलं तर म्हणाला तुमच्या त्या काकांना माझा नंबर द्या.

दूधवाले दादा, ती डबी उघडली. आतनं काळा मलमासारखा गोळा निघाला, त्यात चमकणारा पितळी कीस. मिस्त्री चहाच्या चमच्यानं खरवडत होता. आईनं तो चमचा परत घेतला नाही.

गाडीचा आवाज आता एवढा कमी झालाय की चालू आहे का बंद ते सिग्नलला कळत नाही. धूर शून्य. ॲव्हरेज अजून मोजलं नाही. एक शंका आहे, पहिलं ऑइल कधी बदलू आणि जाड टाकू का? मिस्त्री म्हणतो ट्वेंटी डब्ल्यू फोर्टी टाक, इंजिन जुनं आहे.

दूधवाला_माळेगाव:

इंजिन जुनं कुठं राहिलं आता. कंपनी टेन डब्ल्यू थर्टी सांगते तेच टाका, आणि बाटलीवर जासो एमए ही बाइकच्या ऑइलची खूण लिहिलेली बघा, कारचं ऑइल चुकूनही नको, क्लच याच ऑइलमध्ये भिजलेला असतो, कारच्या ऑइलने घसरायला लागतो. पहिलं ऑइल ५०० किमीला काढून टाका, नवीन रिंगा आणि बोअर एकमेकाला घासून बसतात तेव्हा बारीक लोखंड सुटतं ते सगळं त्यात असतं. डबी पण तेव्हाच एकदा पुसून घ्या. पहिले ५०० किमी चाळिसाच्या वर नको, पण एकाच स्पीडला रेंगाळत पण नको, थोडं कमीजास्त करत चालवा. डबलसीट चढाला लागलं तर गिअर टाका, टॉपमध्ये रडवू नका. उभी ठेवून तासभर चालू ठेवणारे पण असतात, रनिंग होतंय म्हणून, तसलं काही करू नका, नुसती तापते.

कागदवाला_चिंचवड:

सगळं ठीक, पण मीटर तर बंद आहे ना रे तुझा? ५०० किमी मोजतोयस कसा आणि चाळीस ओळखतोयस कसा?

द्राक्षबाग_तासगाव:

चाळीस म्हणजे परवा गावातल्या सायकलवाल्या पोरानं उतारावर मला ओव्हरटेक केलं, त्याच्या मागं राहिलो की झालं.

केबल आणायचीय, दुकानात गेलो की विसरतो. घर ते बाग ७ किमी, येऊन जाऊन १४. आप्पा भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाखाली फेऱ्या लिहितात. काल ३३ झाल्या. ३६ ला ऑइल.